कोडच्या समासातली पुस्तिका

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने हमीभावाच्या सोयाबीन खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा 12 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर नेली. खुल्या बाजारात भाव 4,892 रुपयांच्या हमीभावाखाली होता, माल ओला होता, आणि 12 टक्क्यांच्या अटीपायी केंद्रावरून पोती परत न्यावी लागत होती. आता समजा, धाराशिव जिल्ह्यात येडशी परिसरातल्या एखाद्या खरेदी केंद्रासाठी कुणी एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. त्यात माल घ्यायचा की नाही हे ठरवणारं एक फंक्शन आहे आणि त्याच्या डोक्यावर कॉमेंट आहे: ‘ओलावा 12 टक्क्यांपर्यंत असेल तर हो, त्यापुढे नाही. ओलावा टक्क्यांत द्यावा.’ आदेश आल्यावर प्रोग्रामर घाईघाईने कोडमधला 12 खोडून 15 करतो. केंद्राचं काम सुरू होतं, वरची कॉमेंट तशीच राहते. काही दिवसांनी कुणी तरी पुस्तिका तयार करणारं साधन चालवतं आणि ते साधन ‘12 टक्क्यांपर्यंत’ हे वाक्य ठळक मथळ्याखाली, नीटनेटक्या तक्त्यात छापून देतं.

साधनाने आपलं काम चोख केलं. पुस्तिका मात्र खोटी निघाली.

सोर्स कोडमधल्या कॉमेंट्समधून संदर्भपुस्तिका आपोआप काढायची, ही कल्पना सॉफ्टवेअरच्या धंद्यात आता इतकी रुळली आहे की नवा प्रोग्रामर तिच्याकडे वेगळी गोष्ट म्हणून पाहतही नाही. जावात जावाडॉक, सी आणि सी प्लस प्लसमध्ये डॉक्सिजन, पायथॉनमध्ये स्फिंक्स, रस्टमध्ये रस्टडॉक, आरमध्ये रॉक्सिजन. भाषा कुठलीही घेतली तरी तिचं एखादं साधन असतंच. सगळ्यांमागचा युक्तिवाद एकच आहे. पुस्तिका वेगळ्या फाइलमध्ये ठेवली की ती विसरली जाते. कोडच्या उशाशी ठेवली तर कोड बदलणाऱ्याच्या नजरेस पडेल आणि तो तीही बदलेल. हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. नजरेस पडणं वेगळं आणि बदलणं भाग पडणं वेगळं.

अशा साधनाला माहिती दोन ठिकाणांहून मिळते. एक म्हणजे खुद्द कोड: फंक्शनचं नाव, त्याला काय काय द्यायचं, परत काय मिळतं, कोणता क्लास कोणापासून निघाला. ही माहिती चुकली तर प्रोग्राम चालतच नाही, म्हणून ती खरी असते. दुसरी म्हणजे कॉमेंट. तिच्यावरून कंपायलर उडी मारून पुढे जातो. ती चुकली तर कुणाचं काही अडत नाही. छापील पानावर मात्र दोन्ही एकाच टाइपात शेजारी शेजारी येतात. कोडची विश्वासार्हता कॉमेंटला उसनी मिळते आणि वाचणाऱ्याला कोणतं वाक्य कुठून आलं हे कळायला मार्ग उरत नाही. या साधनांचा सगळा इतिहास म्हणजे ही उसनवारी कशी फेडायची याच्या खटपटी आहेत, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

सुरुवात मोठ्या महत्त्वाकांक्षेने झाली. डोनाल्ड नुथ यांनी 1984 साली ‘द कॉम्प्युटर जर्नल’मध्ये ‘लिटरेट प्रोग्रामिंग’ ही कल्पना मांडली. त्यांच्या मते प्रोग्राम हा माणसांनी वाचायचा निबंध असायला हवा. यंत्राला काय हवं ते त्यातून मागाहून काढता येईल. त्यांच्या ‘वेब’ या व्यवस्थेत एकाच फाइलमधून ‘टँगल’ नावाचा प्रोग्राम पास्कलचा कोड काढायचा आणि ‘वीव्ह’ नावाचा प्रोग्राम छपाईयोग्य पुस्तक. (इंटरनेटवरच्या वेबशी या वेबचा संबंध नाही.) अक्षरजुळणीसाठी त्यांनी लिहिलेल्या ‘टेक’ या प्रोग्रामचा संपूर्ण कोड 1986 मध्ये असा खरोखरच पुस्तकरूपाने निघाला. पण नुथ यांच्यासारखा निबंध लिहिणारे प्रोग्रामर किती? धंद्याने या कल्पनेतला स्वस्त भाग उचलला. निबंध गेला, फंक्शनच्या डोक्यावरची चार ओळींची कॉमेंट राहिली.

त्या चार ओळींना शिस्त लावली जावाने. 1990 च्या दशकाच्या मध्यात जावा आली ती जावाडॉक बरोबर घेऊनच. साध्या कॉमेंटच्या सुरुवातीला एक तारांकन असतं, पुस्तिकेत जायच्या कॉमेंटला दोन. आत ‘ॲट’च्या चिन्हाने सुरू होणाऱ्या खुणा: हा पॅरामीटर कशासाठी, परत काय येतं, कोणती चूक फेकली जाते. ही रीत पुढे जावास्क्रिप्ट, पीएचपी अशा कितीतरी भाषांनी जशीच्या तशी उचलली. 1997 मध्ये डच प्रोग्रामर दिमित्री व्हॅन हेश यांनी डॉक्सिजन आणलं आणि सी प्लस प्लसच्या जगाला तीच सोय मिळाली. एमॅक्स हा मजकूर-संपादक आणि पायथॉन यांनी निराळा मार्ग धरला. तिथे फंक्शनचं वर्णन कॉमेंट नसून फंक्शनचाच भाग असतो. प्रोग्राम चालू असतानाही त्याला ‘तू काय करतोस’ असं विचारता येतं आणि तो ते वर्णन दाखवतो. पायथॉनमध्ये याला डॉकस्ट्रिंग म्हणतात.

डॉक्सिजनची एक सोय मात्र या साऱ्या प्रकारावर टीका करणाऱ्यांच्या पथ्यावर पडली. एक पर्याय चालू केला की ज्या कोडमध्ये एकही कॉमेंट नाही त्याचीही पुस्तिका निघते. क्लासची झाडं, कोण कोणाला हाक मारतो त्याची जाळी, फाइलींच्या याद्या, शेकडो पानं. ग्राहकाशी झालेल्या करारात ‘डॉक्युमेंटेशन द्यावे’ अशी ओळ असेल तर ती या पानांनी भागते. उपयोग विचारू नये.

कॉमेंट लिहिलेली असली तरी तिच्यात काही असेलच असं नाही. वालीद मालेज आणि मार्टिन रोबियार यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जावा आणि डॉट नेट यांच्या संदर्भपुस्तिकांतले 5,574 तुकडे 17 प्रशिक्षित वाचकांकडून तपासून घेतले. त्या प्रत्येक तुकड्यात नेमकं कोणत्या प्रकारचं ज्ञान आहे हे त्यांना नोंदवायचं होतं. वर्गवारीत त्यांनी एक खण ‘काहीच माहिती नाही’ असाही ठेवला होता, आणि तो खण सढळ हाताने भरला. ‘नाव बदला’ नावाच्या फंक्शनखाली ‘हे फंक्शन नाव बदलतं’ असं लिहिलेलं प्रत्येक प्रोग्रामरने पाहिलेलं असतं. असं का होतं, तेही उघड आहे. बऱ्याच कंपन्यांत तपासणीचं साधन कॉमेंट आहे की नाही एवढंच पाहतं. मग माणूस साधनापुरती कॉमेंट लिहितो.

याच्या उलट, कॉमेंटमध्ये खरोखर मोलाचं काय असतं? ओलावा टक्क्यांत द्यायचा की दशांशात. शून्य दिलं तर काय होतं. हे फंक्शन एकाच वेळी दोन ठिकाणांहून हाकारलं तर चालेल का. ही मर्यादा कोणत्या आदेशाने आली. हे कोड वाचून कळत नाही, किंवा तासभर खर्चून कळतं. आणि नेमकं हेच साधनाला पडताळता येत नाही.

पडताळणीचे प्रयत्न झाले. पायथॉनमध्ये टिम पीटर्स यांचं ‘डॉकटेस्ट’ 2001 पासून भाषेबरोबरच मिळतं. डॉकस्ट्रिंगमध्ये उदाहरण लिहायचं: अमुक आकडा दिला, अमुक उत्तर आलं. साधन ते उदाहरण खरोखर चालवून पाहतं आणि उत्तर जुळलं नाही तर बोंब ठोकतं. रस्टने तर ही गोष्ट रोजच्या सवयीत बसवली. तिथे चाचण्या चालवल्या की पुस्तिकेतली उदाहरणंही आपसूक चालतात. जावानेही 2022 च्या 18 व्या आवृत्तीत उदाहरणं वेगळ्या फाइलीतून आणून पुस्तिकेत बसवण्याची सोय केली, म्हणजे त्या फाइली इतर कोडबरोबर तपासता येतात. सोयाबीनच्या फंक्शनला असं उदाहरण असतं तर मर्यादा बदलल्यावर चूक पकडली गेली असती का? उदाहरणात 14 टक्के लिहिले असते तर नक्की. पण उदाहरण देणारा माणूस सहसा सोपा आकडा घेतो. त्याने 10 टक्के लिहिले असते तर जुन्या नियमाने ‘हो’ आणि नव्यानेही ‘हो’, आणि कॉमेंट खोटीच राहून परीक्षा पास. उदाहरण सीमेवर असावं लागतं, आणि सीमा कुठे आहे हे ओळखणं हे काही साधनाचं काम नाही.

लिनक्सच्या कर्नेलमध्ये आणखी एक मधला मार्ग आहे. तिथे कर्नेल-डॉक नावाची जुनी रीत आहे; 2016 मध्ये 4.8 या आवृत्तीपासून तिचं छपाईचं काम डॉकबुककडून स्फिंक्सकडे आलं. हे साधन कॉमेंटमधले पॅरामीटर आणि प्रत्यक्ष फंक्शनचे पॅरामीटर ताडून पाहतं. एखादं नाव कोडमधून गेलं आणि कॉमेंटमध्ये राहिलं तर इशारा देतं. नावं जुळतात की नाही ते कळतं; अर्थ जुळतो की नाही ते नाही.

अर्थाच्या मागे लागलेला एक प्रयोग 2007 सालचा आहे. लिन टॅन आणि सहकाऱ्यांनी ‘आयकॉमेंट’ नावाचं साधन बनवून लिनक्स, मोझिला, वाइन आणि अपाचे या चार मोठ्या प्रकल्पांतल्या कॉमेंट्स वाचायला लावल्या. ‘हे फंक्शन हाकारण्याआधी कुलूप लावलेलं असावं’ अशा धाटणीच्या वाक्यांतून नियम काढायचा आणि कोड तो पाळतो का ते बघायचं. कॉमेंट आणि कोड यांच्यात 60 ठिकाणी विसंगती सापडली. त्यांतल्या 33 ठिकाणी कोड चुकला होता, 27 ठिकाणी कॉमेंट. हे प्रमाण ध्यानात ठेवण्यासारखं आहे. कॉमेंट आणि कोड भांडत असतील तर कोडच बरोबर धरायचा, अशी प्रोग्रामरांची जी सवय असते ती या आकड्यांपुढे टिकत नाही. अनेकदा मूळ हेतू कॉमेंटमध्येच जिवंत असतो आणि कोड घसरलेला असतो.

महाराष्ट्रात हा विषय पाहायचा तर तीन ठिकाणं मुद्दाम थांबण्यासारखी आहेत. पुण्याच्या हिंजवडीतलं मोटारींच्या सॉफ्टवेअरचं जग खरं तर चौथं. तिथे मिस्रा सी या नियमावलीचा दंडक चालतो, आणि त्यात कोडची प्रत्येक गोष्ट कागदावरच्या गरजेपर्यंत मागे नेता आली पाहिजे अशी अट आहे. पण ते काम कंपन्यांच्या भिंतींआड होतं. उघड्यावर असलेले तीन प्रकल्प जास्त शिकवून जातात.

पहिला पवईचा. आयआयटी मुंबईतले एरोस्पेस विभागाचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी ‘मायावी’ हे त्रिमित चित्रं काढणारं सॉफ्टवेअर बनवलं. ते ज्या व्हीटीके नावाच्या सी प्लस प्लस लायब्ररीवर उभं आहे तिच्यात शेकडो क्लास आहेत आणि त्यांच्या हेडर फाइलींमध्ये कॉमेंट्स आहेत. व्हीटीकेचे लेखक पूर्वी या कॉमेंट्स स्वतःच्याच एका ढंगात लिहीत: आधी ‘नाव’, मग ‘विभाग’, मग ‘वर्णन’. एक पर्ल स्क्रिप्ट त्यांना डॉक्सिजनच्या रूपात आणायची. त्याच कॉमेंट्स दुसऱ्या वाटेने पायथॉनच्या डॉकस्ट्रिंगमध्येही जात. पायथॉनवाल्यांसाठी रामचंद्रन यांनी ‘टीव्हीटीके’ हा थर रचला. त्यात प्रत्येक क्लाससाठी नवा पायथॉन क्लास यंत्रच लिहितं. ‘त्रिज्या मिळव’, ‘त्रिज्या ठेव’ अशा जोडफंक्शनांच्या जागी सरळ ‘त्रिज्या’ हा एकच गुणधर्म येतो.

इथे पुस्तिकेचा प्रश्न अवघड होतो. मूळ कॉमेंटमध्ये ‘त्रिज्या ठेव हे फंक्शन वापरा’ असं लिहिलेलं, आणि नव्या क्लासमध्ये ते फंक्शनच सरळ दिसत नाही. कॉमेंट तशीच नेली तर खोटी, टाकून दिली तर वाचणारा उघडा. म्हणून टीव्हीटीकेमध्ये एक खास भाग आहे, ज्याचं नावच ‘डॉक मसाजर’. तो मूळ कॉमेंट घेतो, त्यातली क्लासची आणि फंक्शनची नावं पायथॉनच्या वळणाची करतो, पुन्हा पुन्हा येणारा मजकूर कापतो आणि नव्या क्लासला चिकटवतो. अमेरिकेत सी प्लस प्लसच्या प्रोग्रामरने लिहिलेलं वाक्य असं रूप पालटून पायथॉनवाल्याच्या पडद्यावर येतं. माणसाने शेकडो क्लास हाताने लिहिले असते तर हा प्रकल्प उभाच राहिला नसता. कॉमेंटमधून पुस्तिका काढण्याच्या बाजूने यापेक्षा भक्कम उदाहरण सहसा मिळणार नाही. त्यात कोडही यंत्राचा, पुस्तिकाही यंत्राची, आणि दोघांचं मूळ एकच.

दुसरं ठिकाणही आयआयटी मुंबईच. संगणकशास्त्राचे प्राध्यापक उदय खेडकर यांनी तिथे जीसीसी या कंपायलरसाठी जीसीसी रिसोर्स सेंटर चालवलं आणि त्याची अंतर्रचना समजावणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. एवढा अवाढव्य कोड विद्यार्थ्यांनी कॉमेंट वाचून समजून घ्यावा, असा आग्रह त्यांनी धरला नाही. त्यांनी ‘ग्रे बॉक्स प्रोबिंग’ शिकवलं: छोटा प्रोग्राम कंपायलरला द्यायचा आणि प्रत्येक टप्प्यावर तो आतून काय करतो त्याच्या नोंदी छापून वाचायच्या. ज्या कोडची पुस्तिका कमी पडते तिथे कोडच बोलता करायचा, हा धडा पुस्तिकांच्या चर्चेत फारसा येत नाही.

जीसीसीचीच आणखी एक अडचण या क्षेत्रात क्वचित ऐकू येते. त्याचा कोड जीपीएल परवान्याखाली आहे आणि पुस्तिका जीएफडीएल या वेगळ्या परवान्याखाली. कॉमेंट हा कोडचा भाग. ती उचलून पुस्तिकेत टाकायची म्हणजे एका परवान्यातला मजकूर दुसऱ्यात नेणं, आणि तो अधिकार साध्या योगदात्याला नाही. तंत्र तयार, साधनं तयार, आणि अडलं ते वकिलीत. 2010 मध्ये यावर जो तोडगा निघाला तो मजेशीर आहे. वर्णनं कोडशेजारच्या एका फाइलमध्ये ठेवायची, एका छोट्या प्रोग्रामने त्यांतून पुस्तिकेचं प्रकरण तयार करायचं, आणि ते आधीच्या प्रकरणापेक्षा वेगळं निघालं तर बांधणी तिथेच थांबवायची. थांबताना पडद्यावर सूचना येते: नवा मजकूर जीएफडीएलखाली द्यायचा अधिकार तुम्हाला आहे याची खात्री करा, मग ही फाइल हाताने तिकडे नकलून घ्या. निव्वळ कायद्यासाठी घातलेला हा अडसर, पण त्याने नकळत दुसरंही काम केलं. वर्णन बदललं की कुणा तरी माणसाला ते एकदा डोळ्यांखालून घालावंच लागतं.

तिसरं उदाहरण मुंबईचंच आणि सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारं. रुषभ मेहता यांनी 2008 मध्ये सुरू केलेल्या कंपनीतून ईआरपीनेक्स्ट हे हिशेब आणि व्यवसायाचं मुक्त सॉफ्टवेअर आलं, आणि त्याखालचा पाया म्हणजे फ्रॅपे फ्रेमवर्क. फ्रॅपेमध्ये बराच काळ पुस्तिका आपोआप बांधणारी आज्ञा होती. ती चालवली की दोन प्रकारची पानं निघत. एक ‘मॉडेल्स’ची, म्हणजे बिल, गिऱ्हाईक, माल अशा प्रत्येक दस्तऐवजातल्या रकान्यांचे तक्ते, दुसरी पायथॉनच्या मॉड्यूलची, डॉकस्ट्रिंग उचलून केलेली. पुढे ही आज्ञा काढून टाकण्यात आली आणि फ्रॅपेची पुस्तिका माणसांनी लिहिलेल्या पानांवर गेली. ती पानं ठेवायलाही त्यांनी स्वतःचंच विकी सॉफ्टवेअर केलं.

हा पराभव म्हणायचा का? अर्धाच. त्या दोन प्रकारच्या पानांत फार मोठा फरक होता. रकान्यांचा तक्ता ज्या फाइलमधून निघत असे, त्याच फाइलमधून वापरणाऱ्याच्या पडद्यावरचा फॉर्मही निघतो. रकाना चुकला तर फॉर्म चुकतो आणि दुकानदाराचा फोन येतो. त्या रकान्याला वर्णनाची ओळही असते, ती फॉर्मवर रकान्याखाली बारीक अक्षरात दिसते. तीही एका अर्थी कॉमेंटच, पण रोज हजार डोळे वाचतात अशी. डॉकस्ट्रिंगच्या पानांना असा पहारा नव्हता. कुठे डॉकस्ट्रिंग होती, कुठे नव्हती, कुठे दोन शब्द. ‘नवा ॲप कसा लिहायचा’ हा प्रश्न घेऊन आलेल्याला त्या पानांवर फंक्शनांची वर्णानुक्रमे यादी मिळायची. शहराचा रस्ता विचारणाऱ्याच्या हातात टेलिफोन डिरेक्टरी द्यावी तसा तो प्रकार.

ही तक्रार फ्रॅपेपुरती नाही. जँगो या वेब फ्रेमवर्कच्या जनकांपैकी जेकब कॅप्लान-मॉस यांनी 2009 मध्येच आपोआप निघालेल्या पुस्तिकांना जवळजवळ निरुपयोगी ठरवलं होतं. कोड उघडून वाचण्यापेक्षा त्यातून फारसं जास्त हाती लागत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि जँगोची गाजलेली पुस्तिका हातानेच लिहिलेली आहे. आणखी गंमत स्फिंक्सची. गेऑर्ग ब्रांडल यांनी ते 2008 मध्ये प्रसिद्ध केलं ते पायथॉनच्या अधिकृत पुस्तिकेसाठी. डॉकस्ट्रिंग उचलून पानं बनवणारा त्याचा ‘ऑटोडॉक’ हा जोडभाग जगभर पसरला, पण पायथॉनची स्वतःची पुस्तिका आजही माणसांनी लिहिलेल्या मजकुरावर चालते. तिथे डॉकस्ट्रिंग आहेत, त्या पुस्तिकेत जात नाहीत.

तरी कॅप्लान-मॉस यांचा निकाल जरा जास्तच कडक वाटतो. शिकणाऱ्याला वाट दाखवायची असेल तर ते बरोबर आहेत. पण ज्याला वाट माहीत आहे आणि फक्त ‘तिसरा पॅरामीटर कोणता’ एवढंच हवं आहे, त्याला हाताने लिहिलेला सुंदर लेख अडचणीचाच. रस्टचं जग दोन्ही एकत्र ठेवतं: सार्वजनिक लायब्ररीची प्रत्येक आवृत्ती प्रसिद्ध झाली की तिची पुस्तिका डॉक्स डॉट आरएस या ठिकाणी आपोआप बांधली जाते, आणि भाषेचं पाठ्यपुस्तक वेगळं, माणसांनी लिहिलेलं.

मराठीत कॉमेंट लिहायची ठरवली तर काय होतं? लिहिता नक्कीच येते. 2008 मध्ये आलेल्या पायथॉन 3 पासून सोर्स फाइल युनिकोडच धरली जाते. फंक्शनचं नावही देवनागरीत चालतं. खड्डे पुढे लागतात. जावाडॉक विंडोजवर चालवताना एन्कोडिंग सांगायचं राहिलं तर जुन्या आवृत्त्या फाइल यंत्राच्या स्थानिक एन्कोडिंगने वाचत आणि मराठीचा चुराडा होई. 18 व्या आवृत्तीपासून यूटीएफ-8 हेच गृहीत धरलं जातं. स्फिंक्समधून पीडीएफ काढताना अक्षरजुळणी करणारं नेहमीचं लाटेक देवनागरीला दाद देत नाही. झीलाटेक निवडून लोहितसारखा देवनागरी फॉन्ट सांगावा लागतो. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र काही कीबोर्ड नुक्त्याच्या ऱ ने लिहितात, काही न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण फंक्शनच्या नावात पायथॉन पहिला स्वीकारतो आणि दुसऱ्यावर अडतो.

सगळ्यांत खोल खड्डा शोधाचा. पायथॉनच्या नेहमीच्या शोधयंत्रणेत ‘शब्दातलं अक्षर’ म्हणजे अक्षर किंवा अंक. युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरं नाहीत, खुणा आहेत. म्हणून खूण आली की शब्द तुटतो. ‘येडशी’चे दोन तुकडे पडतात, ‘य’ आणि ‘डश’. ‘बार्शी’चे तीन होतात, आणि ‘धाराशिव’ची तर चार सुटी अक्षरं: ध, र, श, व. स्फिंक्सची मूळ शोधसूची शब्द तोडायला हीच रीत वापरते. म्हणजे मराठी कॉमेंट्सची पुस्तिका छान छापून निघेल, पण तिच्या शोधपेटीत ‘धाराशिव’ टाकलं तर ती चार अक्षरं सुटी कुठे तरी असलेली भलतीच पानंही पुढे येतील. यावर इलाज आहे. स्फिंक्सला आपला स्वतःचा शब्द तोडणारा क्लास देता येतो. पण ब्राउझरमध्ये प्रश्न तोडणारा जावास्क्रिप्टचा भागही त्याच्याशी जुळवून द्यावा लागतो, एकच बदलला तर सूचीतले शब्द आणि विचारलेले शब्द एकमेकांना ओळखत नाहीत.

गेल्या काही वर्षांत या सगळ्यावर नवा थर चढला आहे. 2021 मध्ये गिटहब कोपायलट आल्यापासून डॉकस्ट्रिंग लिहायचं कंटाळवाणं काम भाषा मॉडेलकडे सोपवता येतं. पानं झपाट्याने भरतात, भाषाही गोड असते. पण मॉडेलने जे लिहिलं ते समोरच्या कोडवरूनच. कोडमध्ये 15 आहे म्हणून ते 15 लिहील; तो आकडा कोणत्या आदेशाचा, किती दिवसांसाठी, हे कोडमध्ये नसेल तर त्यालाही ठाऊक नसणार. शिवाय चुकलेल्या कोडवर मॉडेल त्या चुकीचंच नेटकं वर्णन करून ठेवतं, आणि ‘आयकॉमेंट’ने ज्या विसंगतीच्या आधारे 33 चुका पकडल्या ती विसंगतीच शिल्लक राहत नाही.

फ्रॅपेच्या 15 व्या आवृत्तीत याच प्रश्नाला वेगळं वळण मिळालं आहे. पूर्वी कोडमधून पुस्तिका निघायची. आता रकान्यांच्या फाइलमधून मजकूर निघून उलट कोडमध्ये जाऊन बसतो. दस्तऐवजाची रचना बदलून जतन केली की त्याच्या पायथॉन फाइलमध्ये एक चौकट आपोआप लिहिली जाते: कोणता रकाना, कोणत्या प्रकारचा, रिकामा चालेल की नाही. चौकटीच्या वर आणि खाली कॉमेंटची एकेक ओळ असते, आणि आत बजावलेलं असतं की इथला मजकूर यंत्राचा आहे, हात लावू नये. माणसाला काही लिहायचं असेल तर ते चौकटीबाहेर.